कांडणाचं घर

मी सातवीत असताना आमच्या आत्याला संग्रहालयात ठेवायचं ठरलं. वर्गात मी हे अगदी याच शब्दांत सांगितलं आणि दिवसभर भाव खाल्ला. एकीनं विचारलं, "काचेच्या पेटीत?" मी म्हटलं, "नाही गं, दोरीच्या पलीकडे." आणि ते खोटं नव्हतं.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. त्र्यंबक रस्त्यावर नाशिक शहर संपून शेतं सुरू झाली की एका संस्थेनं उभारलेलं संग्रहालय लागायचं. पुढच्या दगडी इमारतीत नाणी, ताम्रपट, तलवारी आणि वीरगळ. मागच्या मोकळ्या जागेत मात्र त्यांनी एक जुनं गावच बांधलं होतं. कुंभाराचं घर, तेलघाणा, कोष्ट्याचा माग, लोहाराचा भाता, आणि सगळ्यांच्या शेवटी घोटीकडच्या भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं घर. कुंभार खरा होता, घाण्याचा बैल खरा होता, माग चालवणारे आजोबाही खरे होते. माणसं काम करायची आणि आपण दोरीच्या अलीकडून बघायचं. असं काही आम्ही आयुष्यात पाहिलं नव्हतं. शाळेच्या सहलीत मी ते पाहून आले आणि घरी येऊन इतकी बडबडले, की आईनं शेवटी माझ्या हातात लसूण सोलायला दिला.

आत्या तेव्हा आमच्याकडे आलेली होती. ती दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. घोटीच्या पुढच्या एका गावात तिला दिलेलं. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही, दिराच्या घरात राहायची. तिच्या हातसडीच्या तांदळाचं आजूबाजूच्या चार गावांत नाव होतं. लग्नाचा तांदूळ कांडायचा तर आत्याला बोलावणं यायचं. मग गावात गिरणी आली आणि आत्याचे हात रिकामे झाले. घरात चूल जावेच्या ताब्यात होती. बसून खाणं आत्याला मानवत नसे, म्हणून ती अधूनमधून पंधरा दिवस आमच्याकडे येई. पण आमच्या दोन खोल्यांत तरी काम असं किती असणार? स्टोव्ह पेटवायच्या आधी ती आईला विचारायची, "वैनी, लावू का?" आई म्हणायची, "वन्सं, विचारता काय!" तरी ती दर वेळी विचारायचीच.

मला ती प्रचंड आवडायची. सागरगोट्यांत ती धडधडीत लबाडी करायची आणि पकडली गेली की मोठ्यानं हसायची. पेरूच्या झाडावर चढायची. भाजीवाल्याशी भांडून वर त्याच्याच घरची चौकशी करायची. ती जायला निघाली की मी तिची पिशवी लपवून ठेवत असे.

तर माझी बडबड ऐकून एका रविवारी आत्याच म्हणाली, "चला, बघू तरी काय गाव मांडलाय." आम्ही चौघं सिटी बसनं गेलो.

पुढच्या इमारतीत दादा प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होते. दादा एका कचेरीत कारकून होते आणि लिहिलेलं काहीही पूर्ण वाचल्याशिवाय पुढे जायचे नाहीत. मी त्यांच्या पुढे पळत होते. माझ्यापेक्षा लांब तलवार! नखाएवढं चांदीचं नाणं! कुणा राजानं कुणाला जमीन दिल्याचा तांब्याचा पत्रा, त्याला किल्ल्यांच्या जुडग्यासारखी कडी! मला एकाच वेळी सगळीकडे असायचं होतं. आत्या मात्र शांत होती. तलवारीकडे बघून तिनं विचारलं, "मूठ एवढीशीच? बारक्या हाताचा व्हता वाटतं गडी." आणि एका काचेच्या पेटीपुढे ती थबकली. आत पाटा-वरवंटा होता. दादांनी पाटी वाचली, "पूर्वीच्या काळी वापरात असलेला." आत्या म्हणाली, "पूर्वी म्हंजी? आमच्याकडं सकाळीच चटनी वाटली ह्याच्यावर." आईला इतकं हसू आलं, की तिनं पदर तोंडाला लावला.

मग आम्ही मागच्या गावात गेलो. कुंभाराचं चाक फिरत होतं, घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर झापडं होती, ताज्या तेलाचा वास नाकात बसत होता. मी आत्याचा हात ओढत ओढत तिला शेवटच्या घरापर्यंत नेलं. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगणात तुळस, ओटीवर जमिनीत बसवलेलं दगडी उखळ. त्याच्यापाशी प्लास्टरची एक बाई मांडी घालून बसलेली, हातात मुसळ. खाली पाटी, 'कांडण करणारी स्त्री'.

आत्यानं डोळे बारीक केले.

"बसून कांडती व्हय ही?"

"आक्का, चल पुढे," दादा म्हणाले. बहिणीचा तो सूर त्यांच्या ओळखीचा होता.

"अरे, बसून चटनी कुटत्यात. भात उभ्यानं कांडत्यात. शाळंतली पोरं येत्यात ना बघाया? त्यांना खोटं शिकवायचं?"

असं म्हणून आत्यानं साडी खोचली आणि दोरी ओलांडली. रखवालदार कुंभाराच्या घरापाशी तंबाखू मळत होता, त्याला दिसेपर्यंत तिनं त्या बाईच्या हातातलं मुसळ ओढून काढलं होतं. बाईचं एक बोट तुटून माझ्या पायाशी आलं. दादांनी डोळे मिटून घेतले. चारचौघांत कुणी आपल्याकडे बघणं त्यांना सोसायचं नाही. ग्रुप फोटोतसुद्धा ते कुणाच्या तरी खांद्यामागे असायचे.

उखळात दाखवायला ओंजळभर भात टाकून ठेवलं होतं. आत्यानं ते बोटांनी चाळवलं, फुंकलं आणि कांडायला सुरुवात केली. मुसळ उजव्या हातानं वर, खाली सोडलं, पुन्हा डाव्या हातानं वर. प्रत्येक घावाला तोंडातून 'हुं'. मुसळाच्या टोकाच्या लोखंडी कडीचा आवाज आधी बसका, मग तूस सुटत गेलं तसा मोकळा. रखवालदार शिट्टी फुंकत पळत आला, आणि शिट्टी ऐकून सगळी माणसंही पळत आली. कुंभार मातीच्या हातांनी आला. मी तर नाचत होते. माझी आत्या! दोरीच्या आत!

गर्दीतून एक बाई पुढे आल्या. खादीची साडी, चष्मा, हातात फायली. त्या संग्रहालयाच्या प्रमुख होत्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. मी घाबरून ते तुटलेलं बोट त्यांच्या पुढे धरलं. त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही. आत्यानं तांदूळ तळहातावर घेऊन फुंकर मारली आणि पुढे केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही रोज याल का?"

त्या रात्री आमच्याकडे जेवणं लांबली. ठरलं ते असं. सोमवारपासून आठवडाभर आत्यानं तिथे काम करून दाखवायचं. रविवारी संस्थेचं मंडळ पाहुण्यांना घेऊन येणार होतं, ते बघून ठरवणार. ठेवून घेतलं तर आत्या नाशकातच राहील. नाही तर सोमवारी सकाळी सीबीएस स्टँडवरून घोटीची एसटी. दादांनी हे सरळ सांगितलं. मी मनात लगेच ठरवून टाकलं, की आत्या कायमची आमच्याकडे राहणार, माझ्या शेजारी झोपणार आणि मी सागरगोट्यांत तिला एकदा तरी हरवणार.  रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा आत्या जागी होती आणि आपल्या तळव्यांना खोबरेल लावत होती.

माझी शाळा सकाळची. दुपारी सुटले की मी दप्तरासकट संग्रहालयात. पहिल्याच दिवशी बाईंनी कौतुकानं सांगितलं, "मावशी, कांडताना ओव्या म्हणा बरं का, लोकांना आवडतं." आत्यानं कपाळाचा घाम पुसला.

"ओव्या दळताना म्हंत्यात, बाई. बसून, जात्यावर. कांडताना गाया लागले तर दम कुठून आणू?"

बाईंनी वही काढून ते लिहून घेतलं. मला बाई तेव्हापासून आवडायला लागल्या. शिकलेल्या माणसानं आत्याचं बोलणं लिहून घेतलेलं मी प्रथमच बघत होते.

घोटाळा झाला तो मंगळवारी. तिथल्या स्टोअरच्या साहेबांनी आत्याला अर्धी गोणी भात काढून दिलं होतं. ते आठवडाभर पुरवायचं होतं. लोक आले की चार घाव घालायचे, लोक गेले की थांबायचं, असं त्यांच्या मनात. पण हे कुणी आत्याला सांगितलंच नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी तिला कळलं नसतं. समोर भात आहे, उखळ आहे, ऊन आहे, मग ते उद्यावर का ठेवायचं? सोमवारी आणि मंगळवारी मिळून तिनं सगळं भरडलं, सगळं सडलं, सगळं पाखडलं. मंगळवारी दुपारी मी गेले तर ओटीवर टोपल्या मांडलेल्या. एकीत तांदूळ, एकीत कणी, एकीत कोंडा, आणि कोपऱ्यात तुसाचा ढीग. आत्या पाय पसरून खुशीत बसली होती.

"झालं बघ. आता दुसरं मागते."

स्टोअरचे साहेब आले आणि बघतच राहिले.

"अहो मावशी, सगळं कांडलंत?"

"मंग! एक दाना नाय सोडला."

"अहो, ते रविवारपर्यंत पुरवायचं होतं! आता पाहुण्यांना काय दाखवू मी? नवं भात दिवाळीशिवाय निघत नाही."

आत्याचा चेहरा असा झाला, की मला त्या साहेबांना चावावंसं वाटलं. जन्मभर ज्या गोष्टीसाठी तिला शाबासकी मिळाली, तीच इथे चूक ठरली होती. साहेबांनी थोडा विचार करून तोडगा काढला, "मग असं करा. लोक आले की नुसतं मुसळ वर-खाली करा. लांबून कुणाला कळतंय?"

"रिकाम्या उखळात?" आत्या उठून उभी राहिली. "रिकाम्या उखळात मुसळ घालीत नसत्यात. घरादाराला चांगलं नसतं ते."

"घर कुठे आहे मावशी हे? हे प्रदर्शन आहे."

आत्यानं मुसळाला हातही लावला नाही. बुधवारपासून ती त्या घराच्या मागे लागली. ओटी सारवली. कुडाची पडलेली माती लिंपली. आत स्वयंपाकाच्या कोपऱ्यात मांडलेल्या चुलीमागच्या भिंतीवर धुराची काजळी होती, तिच्यावर बोट फिरवून तिनं वास घेतला आणि मला म्हणाली, "ऑइल पेंट हाय गं!" त्या चुलीत कधी काडीसुद्धा पेटली नव्हती. आम्ही दोघी त्या रंगवलेल्या काजळीला पोट धरून हसलो. पण लोक येत, रिकामं उखळ बघून पुढे जात, आणि स्टोअरचे साहेब लांबून ते बघत. शुक्रवारी ते बाईंना म्हणताना मी ऐकलं, "मंडळाला मी स्पष्ट सांगणार आहे. प्लास्टरची होती तीच बरी होती. निदान सांगितलेलं ऐकायची." 

मी घरी ते सांगितलं नाही. पण शनिवारी रात्री आत्यानं स्वतःची पिशवी भरून दाराशी ठेवली. मी या खेपेला ती लपवली नाही, कारण लपवून काही उपयोग नाही हे मला पहिल्यांदाच कळलं होतं. मला रडू आलं आणि आईनं मला काही न विचारता कुशीत घेतलं.

रविवारी आम्ही सगळे आत्याबरोबर गेलो. मंडळाची माणसं यायला अजून वेळ होता. आत्या ओटीवर चढली आणि टोपल्यांपाशी जाऊन उभीच राहिली. तांदळाची टोपली तिनं स्वच्छ करून, फडकं झाकून ठेवली होती. आता ती टोपली वरपर्यंत भरलेली होती आणि तिच्यात सगळं तूस आणि कोंडा पुन्हा कालवलेला होता. साहेबांनी आदल्या संध्याकाळी ते काम करून घेतलं होतं. लगेच ते हात चोळत आलेच. "मावशी, सोय केलीय तुमची. हेच घाला उखळात. पाहुण्यांना वाटेल भातच आहे. काही बिघडत नाही."

आत्यानं मूठभर उचललं आणि बोटांमधून खाली सोडलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "खायाच्या तांदळात तूस कालवलं?"

इतक्यात पाहुणे आलेच. सहा-सात जण, पुढे सफारी सूट घातलेले एक उंच गृहस्थ, त्यांच्याबरोबर टोपी घातलेले एक म्हातारे आजोबा, मागे बाई. स्टोअरच्या साहेबांनी पुढे होऊन हातानं दाखवलं, "आणि हे आपलं कांडणाचं घर. मावशी, करा सुरू!"

आत्यानं मुसळ उचललं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. मग सूप घेतलं, पाटावर बसली आणि पाखडायला लागली.

"मावशी, मुसळ!" साहेब दबक्या आवाजात म्हणाले.

"आधी हे निवडते. मंग बाकीचं."

 दादा मागच्या मागे कडुनिंबापाशी जाऊन उभे राहिले. पाहुणे दोरीपाशी थांबले, साहेब घड्याळ बघू लागले, आणि आत्या पाखडत राहिली. मी तिला शेकडो वेळा पाखडताना पाहिलं होतं, पण त्या दिवसासारखं कधीच नाही. सुपाला झटका बसायचा, तांदूळ उडून पुन्हा सुपातच पडायचा आणि तूस तेवढं वाऱ्यावर निघून जायचं. वारा पश्चिमेचा. तूस गेलं ते थेट सफारी सुटावर. गृहस्थांचे खांदे, खिसे, चष्मा, सगळं तुसानं भरलं. आई खोकल्यासारखं करून दुसरीकडे बघायला लागली. मला मात्र हसू आवरेना, आणि भीतीनं रडूही येत होतं, दोन्ही एकदम.

टोपी घातलेले आजोबा मात्र पुढे झाले. त्यांनी दोरी वर केली, खालून वाकून आले, सुपातला तांदूळ उचलला आणि वास घेतला.

"आंबेमोहोर?"

"व्हय."

"हातसडीचा?"

"ह्याच हातांचा."

"शिजवून घालाल का, ताई?"

आत्यानं बाईंकडे बघितलं. साहेब मध्येच म्हणाले, "नाही नाही, चूल मांडणीतली आहे, पेटवायची नाही. वर लाकूड आहे, कूड आहे..." बाईंनी फायली बगलेत धरल्या. त्यांच्याही नोकरीचा प्रश्न असणार, हे मला आत्ता कळतं. त्या वर कौलांकडे बघून म्हणाल्या, "पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवा. मावशी, पेटवा."

मी धावत कुंभारकाकांकडे गेले. त्यांनी भाजलेलं नवं मडकं दिलं आणि मागोमाग स्वतःही आले. लोहारदादांनी निखारे आणले. चूल पेटली तेव्हा सुरुवातीला इतका धूर झाला, की पाहुणे अंगणात पळाले. मग धूर कौलांतून वाट काढून वर गेला आणि थोड्या वेळानं तो वास आला. आंबेमोहोर शिजायला लागला की ज्यानं तो कधी खाल्लाय त्याला सांगावं लागत नाही. रांगेतल्या सगळ्या घरांतली माणसं हातातलं काम टाकून आली. घाण्याच्या मालकानं वाटीभर ताजं तेल आणलं. पळसाच्या पानांवर वाफाळता भात, वर तेलाची धार आणि मीठ, दुसरं काही नाही. सफारीवाले गृहस्थ अंगणात उकिडवे बसून जेवले. टोपीवाल्या आजोबांनी दोनदा घेतला. कोष्टी आजोबा म्हणाले, इथे येऊन दोन वर्षं झाली, एकमेकांच्या हातचं आज पहिल्यांदा खाल्लं. मी इतकी आनंदात होते, की माझं पान मी उभ्या उभ्याच संपवलं.

पाहुणे गेल्यावर बाई ओटीवर येऊन आत्याच्या शेजारी बसल्या.

"मंडळ हो म्हणालं, मावशी. राहाल ना?"

मी टाळ्याच पिटल्या. आत्या म्हणाली, "तांदळात पुन्हा तूस कालवायचं नाय."

"नाही कालवणार."

"आन् कांडलेलं खायाला जायला पायजे. नुस्तं ठिवायचं नाय."

"कबूल."

आत्यानं आत चुलीकडे बघितलं. मग विचारलं, "कुंभार हितंच राहत्यात ना, बायकापोरांसकट?"

"हो, मागच्या बाजूला."

"मंग मला हे घर राहायला द्या."

मी उडालेच. "आत्या! तू आमच्याकडे राहणार आहेस!" मी पाय आपटले, तिची साडी ओढली, सगळं करून पाहिलं. ती माझ्या केसांवरून हात फिरवत होती पण बोलत होती बाईंशी. "दिवसभर लोक बघू द्या. काय बी हरकत नाय. संध्याकाळी दोरी काढा आन् मला राहू द्या. चूल पेटलेली हाय आता, ती इझवून कुलूप लावू नका." दादा कडुनिंबापासून ओटीपर्यंत आले होते. मला वाटलं आता ते तिला समजावतील. ते म्हणाले, "राहू द्या तिला, बाई." मी दोन दिवस दादांशी बोलले नाही.

मग दिवाळी आली. पुढच्या दाराशी आकाशकंदील, मागच्या गावात पणत्या, आणि नाशकातली निम्मी माणसं मुलंबाळं घेऊन तिथे लोटलेली. आत्याच्या गावाकडून नवं भात आलं होतं आणि तिचं मुसळ दिवसभर चालू होतं. भाऊबीजेला सकाळी आम्ही तिघं निघालो. दादांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि साडीचा पुडा छातीशी धरला होता. बसमध्ये आईनं मला सांगितलं, की इतकी वर्षं भाऊबीजेला आत्याच आमच्याकडे यायची. आत्याच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी दादा तिच्या सासरी गेले होते, तर तिला तबक आणि निरांजन जावेकडे मागून घ्यावं लागलं. ते बघून दादा मान खाली घालून परत आले. तेव्हापासून तिनं, "तू येऊ नको, मीच येते," असा निरोप धाडायला सुरुवात केली.

आत्या दारात उभी होती. नवी चोळी, अंगणात रांगोळी. "या, या. पाय धुवा. वैनी, बसा. पोरी, आत ये." दादांना तिनं पाटावर बसवलं, डोक्यावर टोपी ठेवली, अक्षता लावल्या आणि निरांजन घेऊन ओवाळायला लागली. तबक तिचं होतं. तोवर दोरीपाशी गर्दी जमली होती. कुणीतरी मुलांना पुढे ढकलत सांगत होतं, "बघा, बघा, जुन्या काळी अशी असायची भाऊबीज." एकानं कॅमेरा काढला. मला इतका संताप आला, की मी त्यांना हाकलायला उठलेच. पण आईनं माझा हात धरून ठेवला. दादा, ज्यांना कुणी नुसतं टक लावून बघितलं तरी घाम फुटायचा, ते त्या सगळ्या लोकांसमोर ताठ बसून होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलं नाही. ओवाळून झालं तेव्हा लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

पुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी दादांना विचारलं, "छान करता हो. हा कार्यक्रम रोज किती वाजता असतो?"

दादांनी साडीचा पुडा तबकात ठेवला आणि आत्याच्या पाया पडले. मग त्या गृहस्थांकडे वळून ते अगदी नम्रपणे म्हणाले, "रोज नसतो हो. आज पहिल्यांदाच आहे."